उपासाचं चॉकलेट

आमच्या कर्जतच्या आत्याला उपास बंद करायचा म्हटलं की जिवावर यायचं. जेवण बंद करायला मात्र ती एका पायावर तयार. सोमवार माझ्या लग्नासाठी धरलेला, शनिवार माझ्या नोकरीसाठी. लग्न झालं, मुलगी झाली, नोकरीत केस पांढरे झाले, तरी उपास चालूच. "पुरे की आता," म्हटलं तर म्हणायची, "काम झालं म्हनून सोडायचं व्हय? देव काय म्हनंल?"

साबुदाणा, वरई असले लाडही तिला मान्य नव्हते. नुसता चहा. एका शनिवारी कांद्याच्या वाफ्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी झापलं, मी चिडलो, पाया पडून विनवलं, बाई ढिम्म. हा हट्ट एक दिवस हिला घेऊन जाणार, अशी मला खरोखर भीती वाटायला लागली.

माझी लेक सई तेव्हा सुटीला तिच्याकडे आली होती. सईने पुण्याहून आणलेलं, आत पीनट बटर भरलेलं चॉकलेट म्हणजे आत्याचा जीव की प्राण. पण शनिवारी शिवायची नाही. "त्यात काय काय घातलंय, कोनाला ठावं?"

"मग घरी करू," सई म्हणाली, आणि ओट्यापाशी कोर्ट भरलं. दाणे चालतात. साखर, तूप चालतं. मीठ सैंधव घेऊ. कोकोपाशी गाडी अडली.

"आत्याआजी, ते फळातलं बी असतं."

आत्याने डोळे मिटून विचार केला. "फळ चालतंय, तर बी बी चालतंय."

तेवढ्यात सईने मिक्सरचं भांडं उचललं आणि आत्या किंचाळलीच. आदल्या दिवशी त्यात लसणाची चटणी वाटली होती! मग उपासाचा खलबत्ता निघाला. भाजलेले दाणे तेल सुटेपर्यंत दोघींनी आळीपाळीने कुटले, पेढ्याच्या मोदकांच्या साच्यात चॉकलेटच्या पोटात भरले आणि फ्रिजमध्ये ठेवले.

शनिवारी आत्याने एक खाल्लं, बोटं चाटली, दुसरं उचललं. "तुमचा डाव मला कळत न्हाई व्हय? पन पोरीनं लई खटाटोप केलाय. तिला न्हाई म्हनलं तर पाप मलाच लागंल." त्यानंतर ती कुठल्याच उपासाला उपाशी राहिली नाही.

गेल्या वर्षी आत्या गेली. झोपेत, मंगळवारी, पोटभर जेवून. तिच्यावाचून मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परवा सईला होस्टेलवर फोन केला. जेवलीस का, विचारलं.

"आज शनिवार ना, बाबा. नुसती चॉकलेटं खाल्ली."

देवाला कधी हात न जोडणारी ही पोरगी! "उपास? आणि तो कशासाठी?"

"तुमची नोकरी टिकायला नको?"