आजची पावती आजच

फिलूमावशी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कतारमधल्या अल खोरहून दोह्याला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये होतो. वसईहून त्यांच्या भावाने पाठवलेल्या दोन ओळी. शेजारचा झोपला होता, सांगणार कोणाला... दोन महिने झाले, तरी हे लिहायला बसलो की थकवाच येतो.

मावशी अल मुंतझातल्या एका गृहकर्ज कंपनीच्या छोट्या ऑफिसात होत्या. इथे राबणाऱ्यांना गावाकडे घर बांधायला कर्ज देणारी कंपनी. चार वर्षांपूर्वी मी त्यांच्यासमोर बसलो तो आईच्या घरासाठी. आई परभणीला पत्र्याखाली राहत होती. माझा पगार पुरेसा होता, तरी अर्ज नाकारला गेला, कारण जामीनदार नात्यातला आणि स्वतःच्या नावावर घर असलेला हवा होता. आमची बौद्ध वस्ती गायरानावरची. तिथे कोणाच्याच नावावर काही नाही. फॉर्ममध्ये जातीचा रकाना नव्हता. त्याची गरजच नव्हती.

मी चळवळीतल्या वडिलांच्या पत्रकांवर वाढलेला. तीन पानांचा निषेध लिहून नेला. मावशींनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"छान लिहितोस रे. आता हे घरी ने आणि पावत्या आण."

"कसल्या?"

"आईला दर महिन्याला पैसे पाठवतोस त्या. इतकी वर्षं एक महिना चुकला नाहीस, मग जामीनदार कशाला?"

मी बिस्किटांचा डबा नेऊन उघडला. पावत्या कोऱ्या. मनी एक्सचेंजचा तो गुळगुळीत कागद आणि आमच्या खोलीतला उन्हाळा... अक्षरं उडून गेली होती. मावशी हसल्या नाहीत. "सगळ्यांचं हेच होतं. डब्यात जपून ठेवता, पण झेरॉक्स कोणी काढत नाही."

मग तीन शनिवार त्या स्वतः माझ्याबरोबर एक्सचेंजच्या काउंटरवर उभ्या राहिल्या आणि जुन्या व्यवहारांची यादी काढून घेतली. मुंबईच्या साहेबांना फोनवर म्हणाल्या, "हप्ते हा मुलगा भरणार आहे साहेब, त्याच्या काकाचं घर भरणार नाही."

कर्ज मिळालं. आईच्या दारावर आता आईचं नाव आहे.

पुढे शुक्रवारी त्या अल खोरला यायच्या, आमच्या कँपातल्या पोरांचे कागद तपासायच्या. मी वैतागायचो. नियमच बदला, एकेक फाइल किती दिवस ढकलणार? "तू भांड, मी ढकलते," त्या म्हणायच्या. "खलास. आधी झेरॉक्स काढ." पावत्यांवर कर्ज द्यावं, असं पत्र त्यांनीही मुंबईला लिहिलं होतं. निवृत्त होईपर्यंत उत्तर आलं नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या खोलीतल्या प्रदीपची फाइल घेऊन त्या ऑफिसात गेलो. प्रदीप माझ्याच वस्तीतला. मावशींच्या खुर्चीवर नवा तरुण होता, बोलायला गोड. "जामीनदाराच्या घराचे पेपर्स?" त्याने विचारलं. जामीनदार नाही, हे बघा, म्हणत मी प्रदीपच्या पावत्या पुढे केल्या. "सर, ओरिजिनल्सबरोबर कॉपीज लागतील."

कोपऱ्यातल्या झेरॉक्स मशीनवर मावशींच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली होती... आजची पावती आजच. चिकटपट्टी पिवळी पडली होती. मी एकेक पावती काचेवर ठेवत गेलो. गरम प्रतींचा गठ्ठा घेऊन परत आलो आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो.