चाकूचं लॉक आणि शेवग्याची शेंग

रेवदंड्याच्या नाक्यावर माझं दुकान आहे. जाळी, दोरखंड, गळ, टॉर्च आणि घडीचे चाकू. आमच्याकडे माल दोन वाटांनी येतो. एक टेम्पोतून आणि दुसरा बाहेरच्या बाकड्यावर बसणाऱ्यांच्या तोंडून! टेम्पोतला विकला जातो, तोंडातला साठत राहतो. चाकूंच्या खणातून तर इतके किस्से निघालेत की एखादा विसरावा म्हटलं, तरी कोणीतरी चाकू बघायला येतं आणि त्याची आठवण काढून जातं.

दुकानाच्या पायरीवर आंब्याच्या कलमाची एक कुंडी आहे. अलिबागला निघालेले पाहुणे रिक्षा थांबवून विचारतात, "ही विकायची आहे का?"

मी म्हणतो, "नाही हो, ती दुकानाची पाटी आहे!"

* * *

युसूफभाई चौलचे. तरुणपणी आखातात नोकरी करून आले आणि मग बागायतीत रमले. आंब्याची कलमं बांधावीत तर त्यांनीच! कोयीतून उगवलेल्या रोपाचा शेंडा उडवायचा, देठाला उभी चीर द्यायची, तीत हापूसची काडी बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. सांगायला सोपं आहे. चौलातल्या निम्म्या वाड्यांत त्यांच्या हातची झाडं उभी आहेत.

चार वर्षांपूर्वी त्यांना मी एक चाकू दिला. लॉक नसलेला, पातं नुसत्या स्प्रिंगवर उभं राहणारा. त्यांनी विचारलं होतं, "मध्येच मिटणार न्हाय ना रे?"

मी मानही वर न करता म्हटलं, "बिनधास्त वापरा!"

तिसऱ्या दिवशी चीर देताना पातं मिटलं, ते त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर. टाके पडले, जखम भरली, पण बोटं वाकेनात. कलमं बंद झाली. वर ते दुकानात येऊन मलाच समजावून गेले, "चाकूची चूक न्हाय श्रीकांत, माझीच घाई."

शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. या माणसाच्या डाव्या हातात भरवशाचा चाकू द्यायचा आणि त्याची कलमं पुन्हा सुरू झालेली बघायची.

* * *

ते येऊन गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी दुकानातला एकेक चाकू तपासायला काढला. पण बोट कोण घालणार? म्हणून स्वयंपाकघरातून शेवग्याची शेंग आणली.

पद्धत अशी. पातं उघडायचं. मिटल्यावर ते मुठीच्या ज्या खाचेत बसतं, त्या खाचेवर शेंगेचा तुकडा आडवा ठेवायचा. पात्याची बोथट पाठ फळीवर टेकवायची आणि मूठ जोरात दाबायची. लॉक पक्कं असेल तर शेंग शाबूत. सुटलं तर शेंगेचे दोन तुकडे!

पहिल्या दिवशी बारापैकी सात चाकू नापास झाले. आमचं घर दुकानाच्या मागेच. बायको, सुनंदा, तुकडे गोळा करून न्यायची आणि आमटीत टाकायची. पुढेपुढे तिला मालाचा दर्जा पातेल्यावरूनच कळायला लागला. एकदा जेवायला बसलो तर आमटीत शेंगाच शेंगा.

ती म्हणाली, "या व्यापाऱ्याकडून पुन्हा चाकू घेऊ नका. आमटी फार छान झाली आहे!"

* * *

हिराजी नाखवा म्हणजे आमचे कायमचे गिऱ्हाईक. स्वतःची होडी आहे, आवाजही होडीवरचाच. त्यांनी कडीचं लॉक असलेला चाकू नेला. यात पातं उघडून पात्याच्या बुडाशी असलेली गोल कडी फिरवली की पातं घट्ट बसतं. शेंगेच्या परीक्षेत पहिला नंबर!

चार दिवसांनी नाखवा उघडा चाकू हातात धरून दुकानात हजर. कडीत रेती गेली होती, ती काही केल्या फिरेना. उघडा चाकू खिशात ठेवायचा कसा, म्हणून ते बंदरापासून भर बाजारातून तसेच हातात धरून आले होते.

"लोकं दोनी बाजूला सरत होती, श्रीकांत! मना वाटला, औंदा मासली बरी घावली म्हनून माजा मान वाढला!"

युसूफभाई बाकड्यावरच होते. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी आधीच मान हलवली. "ह्यो न्हाय जमणार. एक तर कडी फिरवायला दोन हात लागतात. आणि मला चौलला रिक्षाने जायचं असतं!"

* * *

एकदा एक पर्यटक आला. खांद्याला बॅग, खिशात महागडा चाकू आणि डोक्यात मोबाइलवरचं सगळं ज्ञान. त्याने आम्हाला अर्धा तास आतल्या पट्टीचं लॉक समजावलं. पातं उघडलं की मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून त्याला टेकू देते. अंगठ्याने ती बाजूला सारली की एका हाताने चाकू बंद.

"एका हाताने?" मी चटकन विचारलं. बाकड्यावर युसूफभाईही जरा पुढे सरकले.

"अहो, डोळे मिटून! थांबा, व्हिडिओच करतो."

त्याने उजव्या हातात मोबाइल धरला, म्हणजे चाकू आला डाव्या हातात. आणि ती पट्टी असते उजव्या अंगठ्यासाठी! गडी मिनिटभर झटला. अंगठा पोचेना, आणि पोचवायला जावं तर बोटं नेमकी पात्याच्या वाटेत. मोबाइल सगळं टिपत होता. शेवटी सुनंदा आतून आली, चाकू त्याच्या हातातून घेतला, दोन हातांनी मिटला आणि परत दिला.

"झाला का व्हिडिओ?" तिने विचारलं.

* * *

मग आला पाठीवरच्या लॉकचा चाकू. मुठीच्या मागे एक पट्टी असते, ती दाबली की पातं सुटतं. माझ्या हातात शेंगेच्या परीक्षेत तीनदा पास! मी खुशीत तो युसूफभाईंच्या डाव्या हातात दिला.

"मीच दाबून बघतो," ते म्हणाले.

कलम बांधणाऱ्याची पकड मी विचारातच घेतली नव्हती. त्यांनी मूठ आवळली, तळव्याखाली मागची पट्टी आपोआप दाबली गेली आणि शेंगेचे दोन तुकडे फळीवर पडले.

ते मागे सरले. चाकू हळूच खाली ठेवला, उजवा हात खिशात घातला आणि निघून गेले. पंधरा दिवस बाकड्याकडे फिरकले नाहीत. सुनंदाने ते तुकडे आमटीत घातले नाहीत.

* * *

मग मी माझाच उजवा हात पंच्याने कमरेशी बांधून टाकला. म्हटलं, डाव्या हाताला काय लागतं ते कळल्याशिवाय चाकू निवडणार कसा?

पहिल्याच दिवशी गळांचा डबा सांडला आणि ते वेचायला दुपार गेली. गावात बातमी पसरली की चाकू विकणाऱ्याचाच हात कापला! नाखवा धावत आले.

"तुजाय हात गेला? मंग आता तुज्याकरं चाकू कोन घेल रे?"

खरंच कोणी घेईना. सुनंदा म्हणाली, "हात सोडा तरी, नाहीतर हात धड असल्याची पाटी तरी लावा!"

पण आठ दिवसांत मला हवं ते सापडलं. नव्या मालात एक चाकू होता, त्याला पात्याच्या मागे आडवी खिट्टी. तिची टोकं मुठीच्या दोन्ही बाजूंना. उजवा हात असो की डावा, अंगठ्याने आणि बोटाने ती मागे ओढायची की पातं सुटतं. मूठ कितीही आवळा, सुटत नाही. मिटताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. मी तो रोज उठून दाबला, आपटला, रेतीत घोळून पुन्हा दाबला. एकही शेंग कापली गेली नाही. मला नाचावंसं वाटत होतं, पण एक हात बांधलेला!

* * *

कलमांचा हंगाम तोंडावर आला होता. नाखवांकरवी निरोप धाडला, तेव्हा कुठे युसूफभाई आले. बाकड्यावर बसले नाहीत, उभेच राहिले. मी चाकू त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी डाव्या हाताने उघडला, पात्याची पाठ फळीवर टेकवली आणि म्हणाले, "शेंग ठेव."

मी आत हाक मारली. सुनंदा म्हणाली, "होती ती शेंग वाळली, टाकून दिली!"

युसूफभाईंचा चेहरा उतरला. "राहू दे मग. पुन्हा कधीतरी बघू."

ते पुन्हा कधीतरी येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी पंचा सोडला आणि उजव्या हाताची दोन बोटं खाचेवर आडवी ठेवली. त्यांची निकामी झाली होती तीच दोन.

"दाबा."

"हात काढ, श्रीकांत."

"दाबा तुम्ही."

"या अल्ला, वेडा झाला हा! भाभी, बघा याला!"

सुनंदा दारात आली. माझ्या बोटांकडे बघितलं, चाकूकडे बघितलं.

"दाबा, भाईजान," ती म्हणाली. "आठ दिवस आमच्या आमटीत एक तुकडा आलेला नाही!"

युसूफभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं. मी डोळे मिटले. फळी करकरली. डोळे उघडून बघितलं, तर बोटं जागच्या जागी होती आणि युसूफभाईंच्या कपाळावर घाम होता.

त्यांनी डाव्या हाताने खिट्टी ओढली, चाकू मिटला. पुन्हा उघडला. पुन्हा मिटला. मग डाव्या खिशात टाकला आणि निघाले.

पायरीवर माझ्या दोरखंडाची वेटोळी पडली होती. तिथे थांबले आणि मागे वळून म्हणाले, "हे जरा बाजूला सरकव. कुंडीला जागा लागेल."