पोळा मधातच फुटला

पोळ्याच्या कथेत दम नाही, असं माझं ठाम मत होतं. महादेव-पार्वती सारीपाट खेळतात, जिंकते पार्वती, पण नंदी मालकाच्या बाजूनं खोटी साक्ष देतो. मग तिचा शाप, मानेवर जू, आणि उःशाप म्हणून वर्षातून एक दिवस पूजा नि पुरणपोळी. बस्स! ऐंशीच्या दशकात मी सौसरला नवाच मास्तर झालो होतो, अक्कल उतू जात होती. मी त्या कथेचं तीन अंकी नाटक केलं. "मातीतलं काही पाहिजे," असं चहाच्या टपरीवर सगळ्यांना पकवलं, आणि पहिल्या अंकाच्या शेवटी पोळ्याची झडती, म्हणजे बैलांपुढं म्हणतात ते कवन, घातली. पांढुर्ण्यात प्रयोग करायची मात्र छाती नव्हती. तिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे रीतसर दगडफेक असते, लोकांचा हात गोट्यावर बसलेला.

प्रयोग सौसरलाच, गणपतीच्या मांडवात ठरला. नुकतीच मी रामाकोन्याची एक मुलगी पाहून आलो होतो आणि खरं सांगतो, पार येडा झालो होतो. होकार तिच्या वडिलांच्या हाती. त्यांचा निरोप आला, "पोरगा नाटकं करते म्हणते. पाह्यतो, मंग सांगतो." मी खूश! म्हटलं, सासरेबुवा आता खिशात. ते पुढं बसले, मुलगी बायकांत.

पहिला अंक बरा गेला. नंदीचे पुढचे पाय गणिताचे मास्तर, मागचे ड्रॉइंगचे, वर घोंगडी. शाप मिळून नंदीनं मान खाली घातली. मी सूत्रधार, फेटा सावरत पुढं आलो.

"खोटं बोलला नंदी, मानंवर आलं जू,
मालकाची बाजू घेतली, आता भोग तू!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" अख्खा मांडव गरजला. माझी छाती फुगली. आणि लोक उठून चालायला लागले.

आमच्याकडे तोरणाखाली शेवटची झडती होऊन हा गजर झाला की पोळा फुटतो. बैल घराकडे सुटतात, माणसं त्यांच्यामागं. पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता, सवय ताजी होती. गर्दी निघालेली पाहून नंदीही सुटला, मागचे पाय घोंगडीत अडखळत. "अहो बसा! दोन अंक बाकी हायेत!" मी ओरडून राहिलो. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "फुटला ना बाप्पा पोळा, आता काहून बसाचं?"

सासरे त्याच गर्दीत गेले. गेलं लग्न! रिकाम्या मांडवात फेट्यात तोंड खुपसून मी चक्क रडलो.

दोन दिवसांनी होकार आला. कारण लग्नानंतर बायकोनं सांगितलं. बाबा बसमध्ये म्हणाले होते, "मले भेव होतं, पोरगा नाटकाच्या नादी लागते का काय. आता नाही लागत. देऊन टाकू."

"अन् तू?"

"मी तर बसूनच होती. बाबानं हात धरून उठवलं. माणूस एवढा जीव तोडून सांगून राहिला, एकानं तरी आयकाव ना!"

मला भरूनच आलं. त्याच संध्याकाळी ती भाकरी थापत होती, मी चुलीपाशी बसून उरलेले अंक वाचायला घेतले. दुसऱ्या अंकाच्या मधात तिनं तवा उतरवला, हात जोडले आणि म्हणाली, "एक नमन गौरा पार्वती..."

मी मुकाट्यानं "हर हर महादेव" म्हणालो आणि ताटं घ्यायला उठलो.