उष्टा माउथ ऑर्गन

उष्ट्याचं नुसतं नाव काढलं तरी पुंजारामअण्णा नाक मुरडायचे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांनी अख्खी नोकरी काढली, पण दुसऱ्याच्या पेल्याला कधी ओठ लावला नाही. अहो, लग्नात घास भरवायची वेळ आली, तर विमलाबाईंच्या हातातला लाडू या गृहस्थानं दोन बोटांनी काढून घेतला होता! आता असल्या माणसाला काय म्हणावं? विमलाबाई म्हणायच्या, "जित्याची खोड, दुसरं काय!"

पण दिवाळीत या खोडीनं घात केला. कळवणहून आलेली त्यांची नात, सहा वर्षांची भाग्यश्री, आपण चावलेला पेरू लाडानं आजोबांच्या तोंडाशी घेऊन गेली आणि अण्णा खेकसले, "शी! उष्टं!" पोर जी दचकली, ती त्यांच्या जवळ यायचीच बंद झाली. अण्णांचा जीव तुटायचा. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं आजीजवळ माउथ ऑर्गनचा हट्ट धरला, तेव्हा अण्णांनी लगेच पायात चपला सरकवल्या. आता तरी पोरगी मांडीवर येऊन बसेल!

मेनरोडच्या दुकानातल्या गोरक्षनं गालात तंबाखूचा मावा धरूनच माउथ ऑर्गन फुंकला, बाहीला पुसला आणि पुढे केला. "घ्या काका, वाजवून बघा."

भोकांवर थुंकी चमकत होती. अण्णांना शिसारी आली. "हाच सगळ्यांच्या तोंडात देतोस? लाज नाही वाटत? मला बंद खोक्यातला दे."

"न वाजवता नेऊ नका काका. एखादं भोक मुकं निघतं."

"निघू दे! तुझी लाळ तर नाही ना त्यात!"

घरी भाग्यश्रीनं गाल फुगवून फुंकलं. डावीकडून फुसफुस, मध्ये जरा पीं, पुढे पुन्हा फुसफुस. "हा खराब आहे," म्हणत तिनं तो कॉटवर टाकला आणि आजीच्या कुशीत शिरली.

अण्णा तसेच रिक्षा करून परत गेले. गोरक्ष हसला, त्यानं नवं खोकं फोडलं आणि तो माउथ ऑर्गन तोंडाकडे न्यायला लागला. "थांब!" अण्णा ओरडले. त्या माव्याच्या तोंडापेक्षा आपलं बरं. डोळे मिटून, मळमळ गिळत त्यांनी एकेक भोक फुंकलं, श्वास आत ओढूनही वाजवलं. ओठ ओले झाले, जिभेवर पत्र्याची चव आली. शी, शी, शी! पण सगळी भोकं वाजली.

घरी येताच त्यांनी मांडी घातली आणि नातीकडे हात पुढे केला. "घे राणी, एकेक भोक मी स्वतः वाजवून बघितलंय!"

भाग्यश्री धावत आली आणि मध्येच थबकली. तिनं आजोबांच्या ओठांकडे पाहिलं, नाक मुरडलं. "शी! उष्टं!" मग दोन बोटांनी तो माउथ ऑर्गन उचलून ती धुवायला नळाकडे पळाली.

"घ्या! नात कुणाची?" विमलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

अण्णांना काही हसू आलं नाही. ते रिकामी मांडी घालून तसेच बसून राहिले.