तुपाचा महिना

देशातून बाहेर जाणाऱ्या दुधाच्या पदार्थांवर मी दर महिन्याला एक पानभर मजकूर लिहिते. एका व्यापारी मासिकासाठी. नोकरीत असताना सुरू झालेले हे काम निवृत्तीनंतर धामापूरला राहायला आल्यावरही सुटले नाही. सरकारी आकडे उशिरा येतात, आणि आले तरी कच्चे असतात. पुढे त्यांत दुरुस्त्या होतात. दुधाची भुकटी किती गेली, लोणी किती, तूप किती, कोणत्या देशाने जास्त घेतले, कोणी हात आखडला, भाव काय होता, एवढेच त्या पानात असते. वाचणारे थोडे. दूध संघांतले अधिकारी, काही व्यापारी, आणि माझी थोरली बहीण.

ती वाचत नसे, ऐकत असे. आम्ही तिला आका म्हणायचो. मजकूर पाठवून झाला की मी तिला फोन करून तो वाचून दाखवायचा, असा आमचा शिरस्ता होता. आता ती नाही. पान लिहिणे चालू आहे, पण तुपाच्या परिच्छेदाशी आले की हात थांबतो. घरात कोणी नसते. मी तो परिच्छेद मोठ्याने वाचते आणि मग पुढे जाते.

आका मालवणात राहायची, बंदराच्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, माडांमधल्या एका बैठ्या घरात. नवरा लवकर गेला. मुलगा एकच, आणि तो आखातात. तिथल्या एका मोठ्या शीतगोदामात भारतातून येणारे तूप आणि लोणी उतरवून घ्यायचे, नीट लावायचे, दुकानांना पाठवायचे, हे त्याचे काम. त्याला ती नोकरी लागली तेव्हापासून आका माझ्या पानाची वाट पाहू लागली.

मी भुकटीपासून सुरुवात केली की ती मध्येच म्हणायची, “ती पावडर ऱ्हवांदे गो. तूप काय म्हणता?”

“वाढलाहा.”

“खंय? आमच्याकडे?”

आमच्याकडे म्हणजे आखातात. ती तिथे कधी गेली नव्हती. पासपोर्टसुद्धा नव्हता तिच्याकडे.

तिचा हिशेब सरळ होता. तूप वाढले म्हणजे मुलाला मान वर करायला वेळ नाही. फोन लवकर ठेवला तरी वाईट वाटून घ्यायचे नाही. तूप घटले म्हणजे रजा मिळायची आशा धरायची. रोज्यांच्या आधीचे आणि दिवाळीच्या आधीचे दिवस हे तिच्या लेखी तुपाचे महिने. शेजारणीने विचारले, “गो, झिलाचो फोन नाय इलो?” की ती ऐटीत सांगायची, “तेका खंय वेळ? तुपाचो म्हयनो चललोहा.”

मी तिला बऱ्याचदा समजावले होते. “आके, हो अख्ख्या देशाचो आकडो. तेच्या गोदामाचो नाय.”

“देशाचा तूप शेवटी कोणाच्या तरी हातात जाता मां? थंय माझो झील आसा.”

मुलगा रोज काय करतो हे तिला कोणीतरी सांगायला हवे होते. तो स्वतः फारसे सांगत नसे, म्हणून तिने ते काम माझ्या पानाला लावले होते.

खरे तर आमच्या घरात दुधातुपाचे कौतुक कधी नव्हते. लहानपणी चहात दूध पडायचे ते पाहुणा आला तर. स्वयंपाकात रस म्हणजे नारळाचा. आताही दूध येते ते घाटावरून, पिशवीतून, आणि पावसात घाट बंद झाला की तेवढ्यापुरता कोरा चहा. अशा घरातला मुलगा तुपाच्या डब्यांत जन्म काढतो याची आकाला मौज वाटायची. रजेवर येताना तो एक डबा आणायचा. एका बाजूला अरबी अक्षरे, दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरांत भारताचे नाव. देशाबाहेर गेलेले तूप बॅगेत बसून परत आले, याची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही. आका ते वाट्या भरून आळीभर वाटायची आणि स्वतः पेजेवर चमचाभर घ्यायची. “माका वास येता तेचो,” म्हणायची, पण घ्यायची.

गेल्या वर्षी मी लिहिले होते की जगाच्या बाजारात दर उतरल्यामुळे आपल्या लोण्यातुपाला आखातात पूर्वीसारखा उठाव राहिलेला नाही, आणि काही खरेदीदार दुसऱ्या देशांकडे वळू लागले आहेत. साधे वाक्य होते ते. अशी वाक्ये मी वर्षानुवर्षे लिहीत आले. आकाला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “वळांदेत. परत येतले.” आम्ही दुसऱ्या विषयाकडे वळलो.

त्या पावसाळ्यानंतर तिचे हृदय थकत चालल्याचे कळले. पाय सुजायचे, चार पावले चालली की दम लागायचा. कुडाळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितले की दगदग नको, मनाला धक्का तर नकोच. मुलाला कळवू म्हटले तर ती माझ्यावरच उखडली. “तेका कित्याक? तो काय डॉक्टर आसा?” पण रात्री उशी उंच करून बसायची आणि शेजारणीला म्हणायची की एकदा तो दारातून आत आलेला बघितला की झाले. शेजारणीनेच मला हे सांगितले.

आणि थंडीत तो न कळवता आला. आकाच्या तोंडावर असा आनंद मी फार वर्षांनी पाहिला. बांगडे आले, शिंपल्यांतल्या तिसऱ्या आल्या, दम लागत असताना तिने बसून खोबऱ्याचे वाटप वाटले. पहिले काही दिवस तिने काहीच विचारले नाही. मग मात्र रोजे जवळ आले हे तिच्या ध्यानात आले.

एका रविवारी मी गेले होते. महिन्याचे पान पिशवीतच होते. तिने वाचायला लावले. मुलगा ओटीवर टेकून बसला होता. त्या महिन्यात तुपाची निर्यात चांगली वाढली होती. मात्र ती वाढ दूरच्या देशांतली होती, आखातात घटच होती. मी पहिले वाक्य वाचले, “तुपाच्या निर्यातीत या महिन्यात लक्षणीय वाढ दिसते.” पुढचे तिने ऐकलेच नाही.

“आयकलंस? तूप वाढलाहा. आणि तू हयसर गजालींका बसलंस.”

“रजा आसा गो आये.”

“ह्या म्हयन्यात रजा? तुझो शेट खुळो आसा?”

“आसा थोडो.”

“हसा नको मेल्या. लोक काय म्हणतले? आवशीच्या पदराक लागान बसलो म्हणतले. माका काय जाल्ला? ही बग, धडधाकट आसंय.” असे म्हणताना तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

मी पुढचे वाक्य वाचायला तोंड उघडले होते. त्याने माझ्याकडे पाहून हलकेच नकारार्थी मान हलवली. मी कागद घडी करून ठेवला.

संध्याकाळी तो मला एसटी स्टँडवर सोडायला आला. गाडीला वेळ होता. तो म्हणाला, “मावशे, रजा नाय ती.” गोदामाने दुसऱ्या देशाचा माल घ्यायला सुरुवात केली होती. आपल्या मालावरची माणसे कमी केली. “तू लिवलेलंस मां, खरेदीदार वळले म्हणान? तेच्यात मी होतंय.”

“आवशीक सांग.”

“कसा सांगू? डॉक्टर काय म्हणालो ता तुकाच म्हायत. आणि ती अख्ख्या आळीक सांगत बसलीहा, झील तुपाचो सायब आसा. हयसर काम मेळांदे, मगे सांगतंय.”

मला ते पटले नाही आणि त्यापेक्षा बरे काही सुचलेही नाही. आठवड्याभरात आकाने त्याची बॅग भरून ठेवली. तिकीट काढले काय, हा प्रश्न ती उठता-बसता विचारू लागली. शेवटी एका सकाळी तो मोपाच्या विमानतळावर जातो म्हणून निघाला आणि धामापूरला माझ्या घरी उतरला.

तिने बॅगेत सुकी सुंगटे म्हणजे वाळवलेली कोलंबी, आमसुले, मालवणी खाजे आणि उकड्या तांदळाची पिशवी भरली होती. परदेशासाठी बांधलेले ते सगळे आम्ही दोघांनी माझ्या स्वयंपाकघरात सोडले. सुंगटे भाजून, ओले खोबरे घालून किसमूर केली. तो थोडी खाऊन उठला. “आयेन निवडून ठेवलेली,” एवढेच म्हणाला.

दिवसा तो कामाच्या शोधात कुडाळला जायचा. संध्याकाळी आतल्या खोलीत दार लावून, पंखा मोठा करून आईला फोन करायचा. पंखा लावला की तिकडच्या यंत्रांसारखा आवाज येतो, असे त्याचे म्हणणे. मी बाहेर तांदूळ निवडत ऐकायची.

“जेवलंस?”

“अजून नाय गो, वेळ आसा. हयसर आत्ता सांज जाता.” घड्याळातला फरक तो मनात वजा करून बोलायचा.

“आवाज कसलो येता?”

“मशीन.”

“मगे ठेव. काम कर.”

असा तो फोन. दोन वाक्यांत आटपायचा, कारण तीच आटपायची. त्याला बोलायचे असायचे. एकदा तो म्हणाला, “आये, आज काम कमी आसा, बोल.” तर ती म्हणाली, “माका फसवतंस? मावशीन वाचलान मां, वाढलाहा म्हणान.” तो खोलीतून बाहेर आला आणि अंगणात तसाच उभा राहिला. एसटीने तासाभरात पोचता येईल अशा घरात ती उशी उंच करून बसली होती, आणि इकडे हा. मी म्हटले, “उद्या जावया. मी सांगतंय तिका.” तो म्हणाला, “सोमवारी एकीकडे बोलावल्यानी हा. ता होवांदे.”

सोमवारच्या आधीच, सकाळी, शेजारणीचा फोन आला. आका रात्रभर बसून होती, आता बोलणे तुटक येते आहे, डॉक्टर येऊन गेले, दवाखान्यात जायला ती तयार नाही. मी चपला घातल्या. तो दारात उभा होता.

“काय सांगू मी तिका? काल सांगलंय कंटेनर इलोहा म्हणान.”

“काय सांगू नको. चल.”

रिक्षाने आम्ही मालवण गाठले. शेजारीण दारातच होती. त्याला पाहून तिचा हात तोंडाकडे गेला. “बाबा रे! काय रात्रीच निघाल्लंस काय? आवशीच्या मनातला कळला रे तुका.” त्याने मान खाली घातली आणि तो आत गेला.

आकाने डोळे उघडले. त्याला ओळखायला तिला क्षण लागला. मग तिने त्याचे मनगट धरून त्याच्याकडे डोळे भरून पाहिले, आणि मला वाटले, झाले, आता काही सांगायची गरज नाही. तेवढ्यात तिच्या कपाळाला आठी पडली.

“रजा कोणी दिल्यान?”

“दिल्यानी, आये.”

“तूप?”

“उतारलंय सगळा.”

“थंय कोण बगता आता?”

“दुसरो आसा.”

मला वाटते, इतक्या दिवसांत तिला सांगितलेली ही एकच गोष्ट खरी होती, आणि तिला लागली ती तीच. तिने धरलेले त्याचे मनगट सोडले आणि हात हलकेच दाराच्या दिशेने लोटला. “दुसऱ्याच्या हातात दिलंस? ह्या म्हयन्यात? जा बाबा तू. बेगीन जा.”

माझ्या पिशवीत ते पान अजून होते. त्यातले दुसरे वाक्य मी तेव्हा वाचून दाखवू शकले असते. आखातात घट आहे आके, त्याला कोणी बोलावत नाही, राहू दे त्याला इथे. पण डॉक्टरांचे शब्द आठवत होते, आणि तिच्या चेहऱ्यावर मुलाचे काम तिकडे अडेल ही काळजी होती, आणि तीच तिच्याजवळ उरलेली एकमेव श्रीमंती होती. मी पिशवी उघडली नाही.

“जातंय, आये,” तो म्हणाला.

“जा मगे.”

“जातंय.”

तो तिच्या पायाशी खाटेवर बसला आणि सुजलेल्या पावलांवरून हात फिरवत राहिला. तिने आणखी एकदा डोळे उघडून तो गेला की नाही ते पाहिले. तो म्हणाला, जातंय. दुपारी ती गेली तेव्हाही तो तिथेच बसलेला होता.