म्हातारीला खाली घेतलं

कोणी जगावं आणि कोणाचा नाद सोडावा हे ठरवण्याच्या कामात मी पहिल्यांदा हात घातला, तेव्हा मला डॉक्टर होऊन वर्षही झालं नव्हतं. ज्या रोग्याबद्दल ठरवलं, त्या रोग्यानं माझा निर्णय साफ धुडकावून लावला.

सत्तावन्न सालचा उन्हाळा होता. फ्लूची साथ फिरत फिरत अकोल्याला पोचली होती आणि तिथल्या एका दवाखान्यात मी नवा नवा लागलो होतो. घर मोर्शीकडचं, शाळा अमरावतीची, पुढचं शिक्षण नागपूरचं. एवढ्या प्रवासात गावची बोली मी कष्टानं तोंडातून हाकलून दिली होती आणि पुस्तकी मराठी बोलू लागलो होतो. जठारपेठेतल्या खोलीवरून दवाखान्यात जाताना स्टेथोस्कोप पिशवीत न ठेवता गळ्यात घालून जायचो. वाटेत कोणी चक्कर येऊन पडलं तर शोधाशोध नको, असं कारण मी सांगत असे. कोणी कधी पडलं नाही. एका भांडेवाल्यानं मात्र ते विकायचं आहे का म्हणून विचारलं होतं.

बायकांच्या वॉर्डात खाटा संपल्या, व्हरांडा भरला, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर होता एकच. आमच्या मोठ्या डॉक्टरांचा नियम सरळ होता. जो उठण्यासारखा आहे, त्याला सिलिंडर. जो नाही, त्याच्या माणसांना हळूच विचारायचं, “घरी नेता का?” या प्रश्नाचा अर्थ सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक होता. दवाखान्याच्या लोखंडी खाटेवर मरण कोणालाच नको असे. शेवटची घटका आली की माणसाला खाटेवरून खाली घ्यायचं, घरच्या जमिनीवर निजवायचं, तोंडात पाणी घालायचं. त्यासाठी श्वास चालू असताना घरी पोचायला हवं.

एका सकाळी शेजारशेजारच्या दोन खाटांचा निकाल लागला. एकीवर कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारी तरुण बाई होती, दोन लहान लेकरांची आई. दुसरीवर खेड्यातली एक म्हातारी, डोळे मिटलेली, छातीत घरघर. मोठे डॉक्टर म्हणाले, “सिलिंडर हिला. म्हातारीला घरी जाऊ द्या. श्वास थांबला तर मागे लागू नका.” मी अशी गंभीर मान हलवली की जणू मलाच विचारून हे ठरलं होतं. मान हलवणं सोपं होतं. म्हातारीच्या मुलाला सांगायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ती मान अवघडली.

“प्रकृती तशी नाजूक आहे,” मी सुरुवात केली. “वयही झालेलं आहे. फुप्फुसांना दाह आहे. आपण प्रयत्न करतोच आहोत, परंतु...”

“मरते का बुढी?” त्यानं विचारलं.

“तसं निश्चित सांगता येत नाही, पण एकंदर परिस्थिती पाहता...”

“डाक्टरसाहेब, भाषन काहून देऊन राहिले तुमी? मरते का नाई, येवढंच सांगा. मले दमणी आनाले जा लागते.”

“घरी न्या,” मी म्हणालो आणि खिडकीतून बाहेर पाहू लागलो.

 धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून तो म्हणाला, “मी गाडी घेऊन येतो तोवर राहू द्या तिले. आपल्या घरी गेली पायजे ते. येवढं करा.”

“हो,” मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे. आपल्या बायकोला सासूपाशी बसवून तो गेला.

भर दुपारी मी त्या खाटेपाशी उभा असताना घरघर थांबली. छाती हलेना, ओठ काळेनिळे झाले, नाडी मात्र बोटाखाली बारीक लागत होती. मागे लागू नका, हे मला पाठ होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो बैलांची दमणी जुंपणारा मुलगा. मी पराक्रमी होतो म्हणून धावलो नाही. पुन्हा एकदा त्याच्यापुढे उभं राहून पुस्तकी मराठीत सांगावं लागेल, याची मला भीती वाटली.

श्वास परत आणण्याची एक रीत आम्हाला शिकवली होती. रोग्याला कडक जमिनीवर पालथं घालायचं, पाठ दाबायची, कोपरं धरून हात उचलायचे, पुन्हा पाठ दाबायची. ती बुडालेल्या माणसांसाठी होती. अकोल्याच्या मोर्णा नदीला उन्हाळ्यात घोटाभर पाणी, तिथे बुडणार कोण, म्हणून मी ती फक्त परीक्षेपुरती शिकलो होतो. खाटेचा पत्रा झोळीसारखा खाली गेलेला. त्यावर दाबून काय होणार? मी म्हातारीला उचललं आणि खाली फरशीवर घेतलं.

डॉक्टरनं स्वतःच्या हातानं म्हातारीला खाली घेतलं! सुनेनं एकच हंबरडा फोडला. त्यातून घाईघाईत मी तिचे पाय नेमके दक्षिणेला केले होते, म्हणजे कोणाला शंका घ्यायला जागाच उरली नाही. सगळा वॉर्ड रडू लागला. ज्यांना म्हातारी कोण हे माहीत नव्हतं, त्याही रडल्या. एकजण गंगेच्या पाण्याची कुपी घेऊन धावली, दुसरीनं कुठून तरी तुळशीचं पान पैदा केलं. पाणी घशात गेलं असतं तर दोघींचा, म्हणजे म्हातारीचा आणि माझ्या विद्येचा, तिथेच शेवट होता. मी एका हातानं कुपी ढकलत होतो, दुसऱ्यानं पाठ दाबत होतो.

“उलटं काहून निजवलं तिले?” कुपीवाली ओरडली. “तोंडात पानी कसं घालाव?”

“नका घालू!”

“डाक्टर झाला तरी रीत नाई समजत याले!”

मी दाबत राहिलो. घामानं चष्मा घसरला आणि म्हातारीच्या अंबाड्यात अडकला. आणि एकाएकी तिच्या घशातून कफाचा मोठा लोळा बाहेर पडला, ती खोकली, पुन्हा खोकली, आणि तिच्या अंगात श्वास सुरू झाला. रडणं थांबलं. त्या शांततेत फरशीला गाल टेकवलेल्या म्हातारीनं खरखरत्या आवाजात विचारलं, “माह्या पाठीवर कोन मुडदा बसला वं?”

मीच तो मुडदा. आयुष्यात मला अनेक मानपत्रं मिळाली, इतकं मन लावून एकही ऐकलं नाही.

मुलाला फाटकापाशीच कोणी तरी बातमी दिली होती. तो डोळे पुसत आत आला आणि आईनं त्याला पहिलंच वाक्य ऐकवलं, “उशीर काहून केला रे?” दमणी रिकामी परत गेली. म्हातारी मात्र खाटेवर परत चढेना. एकदा खाली घेतलं ते घेतलं, आता वर नाही, असा तिचा हट्ट. तिची पथारी तिथेच, शेजारच्या तरुण बाईच्या खाटेलगत लागली. संध्याकाळी मोठे डॉक्टर आले, खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेले. त्या दिवसांत मी जमिनीपासून वीतभर वरून चालत होतो. वॉर्डात तर माझी कीर्तीच झाली. हा डॉक्टर खाली घेतो तो उठवायला, असं बाया एकमेकींना सांगू लागल्या. मी ते ऐकलं आणि खोडून काढलं नाही. ऐकायला फार गोड होतं.

मग एका सकाळी त्या तरुण बाईचा श्वास थांबला. सिलिंडर चालू होता, नळी नाकात होती. जिला उठवायचं आम्ही ठरवलं होतं, ती ही. मी धावलो, तिला खाली घेतलं, पालथं घातलं, पाठ दाबू लागलो.

या वेळी कोणी रडलं नाही. कोणी कुपी आणली नाही. सगळ्या बाया आपापल्या जागी उठून बसल्या आणि वाट पाहू लागल्या. तिचा नवरा हात जोडून समोर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि तेच मला सोसवेना.

मी दाबत राहिलो. नाडी हाताला लागत नव्हती. मला कळलं होतं, तरी मी दाबत राहिलो. एकदा थांबलो, तर नवरा म्हणाला, “आजीले उठवलं ना तुमी. अजून दाबा, साहेब.” म्हणून मी पुन्हा सुरू केलं. थांबायचं कधी, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मोठे डॉक्टर त्या वेळी वॉर्डात नव्हते.

शेवटी माझ्या मनगटावर एक सुरकुतलेला हात आला. बाजूच्या पथारीवरून म्हातारी सरकत आली होती.

“पुरे कर, बाप्पा,” ती म्हणाली. “तिच्या पाठीले लागून राहिलं असंन.”

मी हात काढून घेतले. नवरा अजून माझ्याकडेच बघत होता. प्रकृती, परिस्थिती, प्रयत्न, सगळे शब्द आठवत होते, त्यांतला एकही तोंडातून निघेना.

“गेली, दादा,” मी म्हणालो. “माह्याच्यानं नाई झालं.”

त्यानं जोडलेले हात हळूहळू सोडले. मी बाईला उताणं केलं, तिचे केस तोंडावरून बाजूला सारले आणि पाण्याच्या कुपीसाठी स्वतःच हात पुढे केला.