तुळजाबाईंनी डोंगर पाहिला

युसूफ वडगाव या गावात मोहनरावांच्या घरची बाई पायी कुठं जात नसे. देवळात जायचं तरी गाडी, मळ्यात जायचं तरी गाडी. मोहनराव पूर्वी पंचायत समितीवर होते. पुढं गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं तेव्हा त्यांची बायको तुळजाबाई सरपंच झाली. त्या काळात तुळजाबाईंनी सह्या पुष्कळ केल्या, पण आपल्याच गावाच्या गल्ल्या त्यांना नीट ठाऊक नव्हत्या.

साठीला टेकल्यावर त्यांना शुगर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मोहनरावांनी त्यावर तोडगा काढला, गच्चीवर चाला म्हणाले. मग तुळजाबाई रोज पहाटे पाण्याच्या टाकीभोवती फिरू लागल्या. तिथून त्यांना पाणंदीनं चालणाऱ्या तिघी दिसायच्या. एक अंगणवाडीची शिवकन्या, दुसरी मेंढरं राखणाऱ्या घरातली भिवराबाई आणि तिसरी तिची सून ऋतुजा. चालताना त्या एवढ्या हसायच्या की आवाज गच्चीपर्यंत यायचा. एवढं काय हसतात ते कळेना, तेव्हा एका सकाळी तुळजाबाई चपला घालून खाली उतरल्या आणि त्यांच्या मागं चालू लागल्या.

सुरुवातीला भिवराबाई त्यांच्यापासून अंतर ठेवून चालायची. पाटलीणबाई म्हणायची, जपून बोलायची. एकदा तुळजाबाईंच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. भिवराबाईनं त्यांना बांधावर बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि काटा काढला. काटा निघेपर्यंत तुळजाबाईंनी तिचा खांदा घट्ट धरून ठेवला होता. त्या दिवसापासून ती त्यांना अक्का म्हणू लागली.

मे महिन्यात शिवकन्येनं टूम काढली, मांजरसुंब्याच्या डोंगरातून चालत कपिलधारच्या देवळाला जाऊ. तुळजाबाईंनी घरी विचारलं. एवढ्या उन्हाचं डोंगरात कशापायी जायचं, असं मोहनराव म्हणाले. बघायला, एवढंच उत्तर तुळजाबाईंनी दिलं. ते हो म्हणाले, पण सोबत गाडी पाठवीन, ही अट घातली.

झालं. उजाडता उजाडता चौघी मांजरसुंब्याच्या पुढं जीपमधून उतरून डोंगराला लागल्या, तर पाठीमागून ड्रायव्हर बिभीषण जीप घेऊन हळूहळू येतोय. जीपमध्ये घडीची खुर्ची, छत्री, थंड पाण्याचा जार. गाडीचा धुरळा नाकातोंडात जात होता आणि बायकांचं बोलणं बंद पडलं होतं. जिथं गाडीवाट संपून झाडी सुरू झाली, तिथं तुळजाबाई थांबल्या.

"बिभीषण, तू सडकेनं कपिलधारला जाऊन थांब. आमी येतो."

"आबा मला रागवतील, काकू."

"रागवू दे. म्या सांगते त्यांला."

जीप वळून गेली. तिचा आवाज विरला तशी ऋतुजा हसली आणि मग सगळ्याच हसत सुटल्या.

रान वाळलेलं होतं. सीताफळीची झाडं कशीबशी हिरवी राहिली होती. मधेच एखादा बहावा वरपासून खालपर्यंत पिवळ्या घोसांनी लगडलेला दिसायचा. तुळजाबाई प्रत्येक बहाव्याखाली उभ्या राहायच्या, त्यामुळं वाट काही सरेना. एका झाडाला टेंभरं पिकली होती. भिवराबाईनं फांदी वाकवली, तुळजाबाईंनी ओटी पसरली. चढावर धाप लागली की चौघी बसायच्या, शेंगदाण्याची चटणी नि भाकरी खायच्या. वरच्या माथ्यावर वारा होता. खालच्या घळीतून मोर ओरडला. तुळजाबाईंनी पदर डोक्यावरून खाली घेतला आणि केस वाऱ्यावर सोडले.

उतार मात्र वाईट निघाला. सगळा मुरूम, पाय ठरेना. तुळजाबाई मधेच अडकल्या. खालीही जाता येईना, वरही जाता येईना. ऋतुजानं खालून हात पुढं केला, तरी त्यांचं धाडस होईना. शेवटी त्यांनी लुगडं आवरलं, खाली बसल्या आणि लहान पोरीसारख्या घसरत पायथ्याला आल्या. वरच्या दोघी घाबरून हाका मारू लागल्या. तुळजाबाई मात्र धुळीत बसून एवढ्या हसत होत्या की त्यांना उठता येईना. हात द्यायला आलेली ऋतुजाही त्यांच्याशेजारी बसून हसू लागली.

कपिलधारला पोचल्या तर मोहनराव स्वतः तिथं हजर. बिभीषणनं फोन केला होता आणि डोंगरात तुळजाबाईंचा फोन लागत नव्हता, म्हणून दुसरी गाडी करून ते धावत आले होते. बायकोचं लुगडं मातीनं माखलेलं, केसांत बहाव्याचं फूल. ते रागवायला म्हणून पुढं आले, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"लागलं का कुठं?"

"न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "बसा जरा. टेंभरं खा."

मोहनराव कठड्यावर बसले. एक टेंभरू खाल्लं, मग दुसरं घेतलं. लहानपणी आजोळी खायचो, असं ते भिवराबाईला सांगू लागले. मोहनराव आपल्याशी कधी इतकं मोकळं बोलतील, असं तिला वाटलं नव्हतं. तिनं उरलेली सगळी त्यांच्यापुढं ठेवली.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाईंच्या पोटऱ्या अशा धरल्या होत्या की त्यांना जिना उतरता येईना. मोहनराव बामची डबी घेऊन आले आणि ती उशाशी ठेवून तिथंच घुटमळले. त्या डोंगरावरून आपण हजारदा गाडीनं गेलो असू, असं म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले.

"वर काय हाय गं?"

तुळजाबाई सांगू लागल्या. चहा दोनदा झाला, भेटायला आलेली माणसं ओसरीवर थांबून राहिली, आणि मोहनराव मधे मधे विचारत राहिले, मोर दिसला की नुसता ओरडला, वारा कुठल्या अंगानं होता, आणि आपल्यासारख्या माणसाला तो चढ झेपेल का.